साऱ्या गल्लीची आत्या

आमच्या गल्लीत मूल जन्मलं की पहिला पेढा देवाला आणि दुसरा आत्याला. पेढा हातात पडला की आत्या विचारायची, "नाव काय काढलंय?" नाव सांगितलं की पेढा तसाच मुठीत धरून ती मागच्या दारी जायची, मोरीच्या कट्ट्यावर उभी राहायची आणि त्या नावाने ठणठणीत हाक मारायची. एकदा आईसारखी, एकदा चिडलेल्या मास्तरासारखी आणि एकदा शाळेतल्या द्वाड पोरासारखी. तिसऱ्या हाकेला नावाचं काय होतंय ते बघून मग पेढा खायचा की परत करायचा हे ठरायचं. पेढे परत घेऊन गेलेले लोक मी पाहिले आहेत. तोंडं अशी व्हायची जशी मुलगी बघायला गेले आणि चहा न पिता आले.

ही आत्या खरं म्हणजे कुणाचीच आत्या नव्हती. तिला भाऊ नव्हता, सख्खा ना चुलत. त्यामुळे आत्या होण्याचा तिला काहीच हक्क नव्हता. ती माझी बायको होती. पण सिन्नरच्या त्या गल्लीत पस्तीस वर्षं तिला सगळे आत्याच म्हणत. मी कारखान्यातून सायकलवर घरी आलो की पोरं ओरडायची, "आत्याचे मिस्टर आले!" लेथ मशीनवर तीस वर्षं लोखंड कापलं, पण माझी स्वतःची ओळख काही त्यातून निघाली नाही.

तिचं आत्यापण सुरू झालं ते समोरच्या एसटी ड्रायव्हरच्या घरी. बारसं होतं. पाळणा बांधलेला, घुगऱ्या शिजलेल्या, बाया जमलेल्या, आणि बाळाची खरी आत्या बाहेर ओट्यावर रुसून बसलेली. कारण काय, तर भावाच्या लग्नात तिला दिलेली मानाची साडी पहिल्या धुण्यात आटली होती. दोन वर्षं तिने तो राग सांभाळून ठेवला आणि बरोबर बारशाच्या दिवशी बाहेर काढला. आत्या नाही म्हटल्यावर कानात नाव कोण सांगणार? बाळ रडून काळंनिळं व्हायला लागलं. तेव्हा ड्रायव्हरची बायको आमच्या हिला म्हणाली, "नंदावहिनी, तुम्हीच टेका तोंड." ही वाकली, बाळाच्या कानात नाव सांगितलं, आणि रीतीप्रमाणे बायांनी "कुर्रर्र" करत हिच्या पाठीत दणादण धपाटे घातले. ओट्यावरची नणंद ते बघून धावत आत आली. पण तोवर नाव कानात गेलेलं होतं.

त्या दिवशी त्या साडीवरून आमची बाई जे शिकली ते तिने जन्मभर लोकांना ऐकवलं. "नाव म्हणजे कापड हाय बाई. पहिल्या धुण्यात आटतंच. घेताना लांबी बघू नको, आटल्यावर काय उरतं ते बघ." लांबलचक नाव घेऊन कोणी आलं की ती म्हणायची, "हे पाळण्यापुरतं. शाळेत जाईस्तोवर किती उरंल ते सांगते," आणि सांगायची. चुकायची नाही. सुलोचना असेल तर सुली, पद्मावती असेल तर पदी, आणि एखादीला घरात लाडाने चिमणी म्हणत असतील तर ती नातवंडं झाली तरी चिमणीच राहणार. "चिमणीआजी म्हणतील पोरीला, चाललं का?" असं ती त्या आठ दिवसांच्या पोरीच्या आईला विचारायची. त्या आईला अजून टाके दुखत असायचे आणि ही तिला आजी करून मोकळी.

गल्लीच्या टोकाला एक शाळामास्तर राहायचे. त्यांना संस्कृतचा नाद. त्यांनी मुलीचं नाव काढलं मृगाक्षी. आत्या मोरीवर चढली. पहिली हाक बरी गेली. दुसरी अडखळली. तिसऱ्या हाकेला ती खाली उतरली आणि पेढा मास्तरांच्या हातावर ठेवला. "मास्तर, पोरं मुरगी म्हणत्याल."

मास्तर म्हणाले, "तुमचं शिक्षण किती?"

"दुसरी."

"मग?"

"मग मी दुसरीतल्या पोरांचंच सांगते ना. तुम्ही मोठ्यांचं बघा."

मास्तरांनी नाव तेच ठेवलं. पुढे पोरगी शाळेत जायला लागली आणि त्यांच्याच शाळेत, त्यांच्याच वर्गात, फळ्याकडे तोंड फिरलं की मागून कोंबडीचा आवाज यायचा. शेवटी मास्तरांनी बदली मागून घेतली.

गोड नावांवर तिचा फार राग. "गोड नावाला मुंग्या लागत्यात," म्हणायची. एका बाईने मुलीचं नाव लाडू ठेवलं होतं, म्हणजे कागदावर काहीतरी भारी आणि घरात लाडू. आत्या म्हणाली, "आत्ता ठीक हाय. उद्या वरातीत लाडू घोड्यावरून उतरणार हाय का? सासूनं काय हाक मारायची, ए लाडू, भांडी घास?" ती बाई रागावून गेली. आठ दिवसांनी परत आली आणि म्हणाली, दुसरं सांगा.

मला मात्र तिने एकदाही नावाने हाक मारली नाही. आमच्या वेळी ते नव्हतंच. माझं नाव रंगनाथ, कारखान्यात रंग्या. तिच्यासाठी मी "अहो" आणि ती माझ्यासाठी "अगं". फार झालं तर "विजूची आई". लोकांच्या पोरांच्या नावाचा एवढा खल करणाऱ्या बाईला स्वतःच्या घरात नावच नव्हतं, ही गोष्ट माझ्या लक्षात यायला मला पंचेचाळीस वर्षं लागली. लेथवर सुताचा फरक मला नजरेने कळायचा. हे नाही कळलं.

गिरणीवाल्याच्या घरची गोष्ट सांगतो. त्यांना चौथी मुलगी झाली. त्यांच्या म्हातारीने फर्मान काढलं, नाव नकुशी ठेवायचं. नकुशी ठेवलं की देवाला समजतं आणि पुढचा मुलगा देतो, असा तिचा हिशेब. आत्या तिला म्हणाली, "आजी, आणि पुढचा झाला की हिला काय सांगणार? आता तू पाहिजे झालीस म्हणून? त्याला कुठल्या हापिसात अर्ज करायचा?"

म्हातारी म्हणाली, "तू आत्या बनून आलीस ना? मग सांगितलेलं नाव सांग आणि घुगऱ्या घेऊन घरी जा."

 आत्या पाळण्यापाशी गेली, पोरीच्या कानाला तोंड लावलं, आणि नेहमीपेक्षा जरा जास्त वेळ लावला. मग उठून उभी राहिली आणि सगळ्या बायांना ऐकू जाईल असं म्हणाली, "जयश्री ठेवलंय. घरात जयू म्हणा."

म्हातारीचा जबडा लटकला. "मी काय सांगितलं होतं?"

"तुम्ही मला सांगितलं. मी तिला वेगळं सांगितलं. कानात गेलं ते गेलं. आता बाहेर काढता येत असंल तर काढा."

त्या दिवशी तिच्या पाठीत जे धपाटे बसले ते रीतीचे नव्हते. म्हातारीने दोन्ही हातांनी घातले. घरी आली तेव्हा पाठ सरळ होत नव्हती. मी म्हणालो, "कशाला नसत्या भानगडीत पडतेस? त्यांची पोर, त्यांचं नाव."

ती भिंतीला टेकून बसली आणि म्हणाली, "कुणीतरी पाठ पुढं करायला लागती. माझ्या येळी कुणी केली नव्हती."

मी विचारलं नाही की तुझ्या वेळी म्हणजे कधी. चहा मागितला.

ते कधी, हे मला चांगलं माहीत होतं. मी तिथंच होतो, समोरच बसलो होतो, मुंडावळ्या बांधून. तिचं माहेर देवळ्याकडचं. तिथलं तिचं नाव वेणू. पाळण्यात वेणू, शाळेत वेणू, कांद्याच्या वाफ्यावर वेणू. तिची आई बांधावरून हाक मारायची तर म्हणे तीन शेतं ओलांडून जायची. पण माझ्या आईचं नावही वेणूबाईच. आता एका घरात दोन वेणू कशा चालणार? सुनेला रागावायचं म्हटलं तर सासूचं नाव घ्यावं लागणार. म्हणून माझ्या आईने ठरवलं, सुनंदा. का सुनंदा, ते तिलाही ठाऊक नव्हतं. शेजारच्या घरी नुकतीच आलेली सून सुनंदा होती आणि ती कामाला चांगली निघाली होती, एवढंच. जशी चांगली निघालेली म्हैस बघून त्याच गोठ्यातली दुसरी आणावी.

भटजींनी तांदळाचं ताट पुढे केलं आणि मी अंगठीने त्यात नाव लिहिलं. चौथी पास माणूस. अनुस्वार कुठे द्यायचा ते आठवेना म्हणून दोन ठिकाणी दिला. लोक हसले, तीपण हसली असं मला वाटलं. मान खाली होती, दिसलं नाही. तिला कोणी विचारलं नाही. मीही नाही. आणि मग मी लिहिलेलं ते नाव मी स्वतः एकदाही उच्चारलं नाही. माझ्या आईने आणि मोठ्या वहिनीने आठवड्याभरात त्याचं नंदी करून टाकलं. "नंदी, पाणी आण. नंदी, जोंधळे निवड." दारात बैल बांधल्यासारखं. आटल्यावर काय उरतं ते बघा, असं ती लोकांना का सांगत होती, ते आता कळतं.

गल्लीतल्या बाया तिला विचारायच्या, "आत्या, तुमचं स्वतःचं नाव कुणी काढलं?" ती म्हणायची, "कोणतं? आधीचं का नंतरचं?" आणि हसायची. बायाही हसायच्या. मी ओटीवर बसून बिडी ओढत हसायचो.

आई गेली त्या वर्षीची गोष्ट. दिवसपाणी झालं, पाहुणे गेले. ही चुलीपुढे बसली होती. म्हणाली, "सासूबाई गेल्या. आता घरात एक वेणू मोकळी झाली."

मला कळलं ती काय म्हणतेय. अगदी पूर्ण कळलं. मी म्हणालो, "आता कशाला? रेशनकार्डावर लागलंय सगळं."

तिने "बरं" म्हटलं. भाकरी थापायला लागली. पुन्हा तो विषय तिने काढला नाही. आता वाटतं, एखादं भांडं तरी आपटायचं होतं. भांडणाऱ्या बाईची बाजू निदान कानावर तरी पडते.

विजूच्या लग्नात मात्र तिने हिशेब चुकता केला. सून अदिती, शिकलेली, कंपनीत नोकरीला. भटजींनी रीतीप्रमाणे तांदळाचं ताट पुढे सरकवलं आणि विजूला म्हणाले, "काय नाव ठेवायचं वहिनींचं?" विजूने काही बोलायच्या आत आत्याने ताट उचललं. सरळ उचललं आणि स्वयंपाकाच्या बाजूला निघाली. भटजी म्हणाले, "अहो बाई, ते लिहायचे तांदूळ!" ती मागे न बघता म्हणाली, "तांदूळ शिजवायला असत्यात. नाव तिला आधीच हाय." त्या तांदळाची खिचडी झाली. मी सगळ्यांबरोबर हसलो आणि दोनदा वाढून घेतली.

त्यानंतर आम्ही सिन्नर सोडून शहरात इंदिरानगरला विजूच्या फ्लॅटवर राहायला आलो. चौथा मजला. आत्याला तिथे मोरीचा कट्टा नव्हता आणि गल्लीही नव्हती. शेजारी कोणाला मूल झालं तर दाराला फुगे दिसायचे, पेढ्याऐवजी डब्यात केक यायचा, आणि त्या डब्यावर नाव आधीच छापलेलं असायचं. विचारायला कुणी यायचंच नाही. ती डबा उलटासुलटा करून म्हणायची, "छापून झाल्यावर काय सांगायचं?" आणि केक मला द्यायची.

अदितीला दिवस गेले तेव्हा ही आजारी पडली होती. मूत्रपिंडाचं दुखणं. पण नावांचा विषय निघाला की उशीला टेकून उठून बसायची. व्हॉट्सॲपवर नावांसाठी एक ग्रुप काढलेला. त्यात त्रेचाळीस माणसं. ज्यांनी आमच्या घरचा उंबरा कधी पाहिला नाही अशांचीही मतं त्यात. आमचे व्याही बँकेतून निवृत्त झालेले. त्यांचं म्हणणं, नावातल्या अक्षरांची बेरीज पाच आली पाहिजे. अदितीच्या मैत्रिणीचं म्हणणं, परदेशात लोकांना म्हणता आलं पाहिजे. अजून पोर आईच्या पोटात, आणि तिच्या विमानतळावरच्या अडचणी आम्ही इंदिरानगरमध्ये सोडवत होतो. सगळ्यांचा मिळून निकाल लागला, मुलगी झाली तर क्रिशवी. अर्थ विचारला तर एक जण म्हणे कृष्ण, दुसरा म्हणे शेती. व्याही म्हणाले, "अर्थ नंतर बघता येईल. बेरीज जुळतेय."

विजूने आईला वाचून दाखवलं. ती चिडली की तिची माहेरची बोली वर यायची. म्हणाली, "हाई काय नाव शे का औषध? जेवणाआधी घ्यायचं का जेवणानंतर?"

विजू म्हणाला, "आई, युनिक आहे."

"हाक मारून बघ."

त्याने मारली. दुसऱ्या हाकेला त्याचीच जीभ अडली. ती हसली, मग खोकली, मग बराच वेळ खोकत राहिली. म्हणाली, "ठेवा. तुमची पोर हाय. पण नाव ठेवणारा एक असतो आणि हाक मारणारे शंभर. पोरगी शंभरांची होती."

आठवड्याने तिला दवाखान्यात न्यावं लागलं. शेवटच्या दिवशी दुपारी ती डोळे उघडेना. नर्स चांगली होती बिचारी. वाकून, गालाला हात लावून हाक मारत होती, "सुनंदाताई, ओ सुनंदाताई, ऐकू येतंय का?" काही नाही. पापणी हलेना. नर्स विजूला म्हणाली, "नावाला प्रतिसाद देत नाहीयेत."

मी पायापाशी उभा होतो. कोणत्या नावाला ती ओ देईल हे त्या खोलीत फक्त मला माहीत होतं. दोन अक्षरं. पण मुलगा होता, सून होती, ती परकी पोर होती, आणि बायकोला नावाने हाक मारायची म्हणजे माझ्या जिभेला कधी सवयच नव्हती. मला लाज वाटली. बायको मरत होती आणि मला लाज वाटली. मी म्हणालो, "अगं." फक्त तेवढंच. "अगं, ए."

ती गेली.

दीड महिन्याने नात झाली. पेढा आला तो मी हातात धरून तसाच बसून राहिलो. मग विजू माझ्याजवळ आला, डोळ्यांत पाणी आणून म्हणाला, "आप्पा, आम्ही ठरवलंय. कागदावर क्रिशवी, पण पाळण्यात आईचं नाव. सुनंदा. घरात आपण तेच म्हणायचं." व्याहीसुद्धा बेरीज विसरून म्हणाले, "वा, वा." अदितीच्या आईने पदर डोळ्यांना लावला. सगळं घर रडवेलं आणि खूश झालं होतं.

मी म्हणालो, "ते तिचं नाव नाही."

विजू माझ्याकडे बघत राहिला. त्याला वाटलं म्हाताऱ्याचं डोकं गेलं. "आप्पा, आधार कार्डावर..."

"आधार कार्ड नंतर आलं. ते नाव मी ठेवलं, माझ्या आईच्या सांगण्यावरून. तुझ्या आईचं नाव वेणू."

"ते तर आजीचं."

"दोघींचं. एकीचं राहिलं, एकीचं गेलं." आणि मग मी सगळं सांगितलं, तांदळापासून दवाखान्यापर्यंत. तिचं माहेर तो जन्मायच्या आधीच संपलेलं; चौतीस वर्षांचा मुलगा, आईचं नाव पहिल्यांदा ऐकत होता.  अदिती बाळाला खांद्यावर घेऊन थोपटत होती ती थांबली आणि म्हणाली, "म्हणून त्यांनी माझं ताट उचललं होतं." मग मला म्हणाली, "आप्पा, नाव आता तुम्ही सांगाल ते."

मी म्हणालो, "मी एकदा ठेवलंय एकीचं नाव न विचारता. पुन्हा नाही. तुम्ही तिचे आईबाप, तुम्ही ठरवा." दोघं गॅलरीत जाऊन बराच वेळ बोलले, आणि काय ठरलं ते मला सांगितलं नाही.

बारशाला प्रश्न आला आत्याचा. विजू एकुलता एक. चुलत बहीण कॅनडात. तर ठरलं असं की तिने व्हिडिओ कॉलवरून नाव सांगायचं. फोनचा आवाज पूर्ण वाढवून पाळण्यात बाळाच्या कानाशी धरायचा. सिन्नरहून गल्लीतल्या चारपाच बाया आल्या होत्या. त्यांत गिरणीवाल्याची जयूही होती. ती आता एसटीत कंडक्टर आहे, आवाज खणखणीत आणि हात त्याहून. तिने हा प्रकार बघितला आणि कमरेवर हात ठेवून उभी राहिली.

फोन लागला. कॅनडातून आवाज आला, "हॅलो? हॅलो, दिसतेय का बेबी? विजूदादा, कॅमेरा फिरव." मग चित्र अडकलं. बहिणीचं तोंड उघडं ते उघडंच राहिलं. बाळाच्या कानाशी फोन खरखरत होता आणि त्यातून मध्येच यायचं, "आवाज येतोय का? माझा आवाज येतोय का?" बाळाने असा टाहो फोडला की खालचा वॉचमन वर आला. व्याही म्हणाले, "वायफाय जवळ घ्या." पाळणा ओढायला लागले.

जयू पुढे झाली आणि फोन उचलून व्याह्यांच्या हातात दिला. "काका, हे तुम्ही धरा. बाळाच्या कानात आधी 'नेटवर्क नाही' गेलं तर जन्मभर तेच म्हणतील तिला." मग माझ्याकडे वळली. "आप्पा, या इकडं. बसा."

मी म्हणालो, "मी? मी पुरुष माणूस, त्यात असा एकटा राहिलेला. बरं दिसत नाही."

"आत्याच्या घरातले तुम्हीच ना? मग तिचं काम कोण करणार? या, म्हणते ना. पुढं जागा हाय, पुढं सरका."

कंडक्टरपुढे कुणाचं चालतं? मी पाळण्यापाशी बसलो. बायांना हसू आवरेना. पांढऱ्या मिशांची आत्या त्यांनी कधी पाहिली नव्हती. मी अदितीला विचारलं, "काय सांगायचं?"

अदिती म्हणाली, "ज्या नावाने तुमची हाक मारायची राहिलीय ते."

मी वाकलो. बाळ रडायचं थांबलं होतं, फोन गेल्यामुळे असेल. एवढासा कान. मी तोंड जवळ नेलं आणि म्हणालो, "वेणू." आवाज निघाला नाही नीट. पुन्हा म्हणालो, "वेणू." तिसऱ्यांदा म्हणालो तेव्हा माझ्याच कानांना ते नीट ऐकू आलं. कागदावरचं दुसरं नावही सांगायला हवं होतं, पण ते मला आठवेना. खरंच आठवेना.

"कुर्रर्र!" जयू ओरडली आणि पहिला धपाटा तिचा बसला. मग बाकीच्यांचे. म्हातारा म्हणून कुणी दयामाया केली नाही. पस्तीस वर्षं आत्याच्या पाठीवर जे पडलं ते सगळं त्या दिवशी माझ्या वाट्याला आलं. माझ्या डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं. जयू घाबरली, "आप्पा, जोरात लागलं का हो?"

मी म्हणालो, "हो, लागलं. घाल आणखी."

दुसऱ्या दिवशी सकाळी घरात मी, सून आणि नात. विजू कामावर गेला होता. पेढ्यांच्या डब्यातला एक पेढा मी घेतला. बारशाआधी हाकेची परीक्षा राहून गेली होती, आणि आत्या असती तर तिने सोडली नसती. मोरीचा कट्टा नाही म्हणून मी गॅलरीत गेलो, कठडा धरला आणि छाती भरून हाक मारली.

"वेणूऽऽ!"

खालचा भाजीवाला वर बघायला लागला. समोरच्या बिल्डिंगमधली एक बाई खिडकीत आली. नाव कुठे तुटलं नाही, आटलं नाही, सरळ गेलं. तीन शेतं ओलांडून जायचं ते खरं असणार. मी आणखी एकदा मारली, पहिल्यापेक्षा मोठी. मग ओ येईल म्हणून उभा राहिलो. का उभा राहिलो, कोण जाणे.

आतून अदितीचा आवाज आला, "आप्पा, हळू. आत्ताच डोळा लागलाय तिचा."

"बरं," मी म्हणालो, आणि पेढा खाल्ला.